मुल्लाशिवाय कापलेलं कोंबडं

रविवारी महबूबचाचाची सायकल फाटकाला टेकली की आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटायला लागायचं. चाचाचा खरा धंदा स्टो दुरुस्तीचा. आठवडाभर हैदराबादेत, नल्लकुंट्याच्या गल्ल्यांतून तो बर्नर साफ करत, पंपाचे वायसर बदलत फिरायचा आणि त्याच्या बोटांना कायम घासलेटचा वास यायचा. पण रविवारी तो अंघोळ करून, धुतलेला कुर्ता घालून, पिशवीत फडक्यात गुंडाळलेली सुरी घेऊन यायचा. त्या दिवशी तो आमचा मुल्ला असायचा. परसात पेरूच्या झाडाखाली बसून तो कोंबडीचे दोन्ही पंख एका पायाखाली दाबायचा, तिच्या चोचीत पाण्याचे थेंब सोडायचा, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायचा आणि सुरी एकदाच फिरायची. मग तो तिला वेताच्या डालग्याखाली टाकायचा. आतून ती अशी काही धडपडायची की सगळं डालगं परसभर उड्या मारत फिरायचं. मी लहानपणी त्या डालग्यावर बसायची. खालून येणारे धक्के मोजत, खिदळत, डालगं शांत होईपर्यंत उठायची नाही. मला फार मजा वाटायची, खोटं कशाला लिहू!

चाचाचं काम संपलं की ताईचं सुरू व्हायचं. ताई माझ्याहून बरीच मोठी. कोंबड्या सगळ्या तिच्या. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या आणि जाळी ठोकून तिनंच खुराडं केलेलं, संध्याकाळी कोंबड्या कोंडायच्या तिनंच, मुंगूस आलं तर काठी घेऊन धावायचं तिनंच. पण नाव तिनं एकीलाही दिलं नव्हतं. नाव दिलं की घास घशात अडकतो, असं आई म्हणे. ताई बादलीत कढत पाणी घेऊन मेलेली कोंबडी पायांना धरून त्यात बुडवायची, हातावर पाणी उडालं तरी तोंडातून हूं की चूं नाही. पाणी फार कढत झालं तर कातडी सुटते, कोमट राहिलं तर पीस निघत नाही. ओल्या पिसांचा तो कुबट वास सगळ्या परसात भरायचा. मग कागदाच्या जाळावर लव भाजायची, हळद चोळायची, पोट फाडायचं, पित्ताची पिशवी न फोडता अलगद सोडवायची. कधी पोटात न घातलेल्या अंड्यांची पिवळी माळ निघाली तर ती माझी. मुंडी, पाय आणि दोन भाकरी हा चाचाचा वाटा, तो आई पानात बांधून द्यायची. तोवर आतून खोबरं आणि दगडफूल भाजल्याचा खमंग वास यायला लागलेला असायचा. हा सगळा मसाला आई बेगम बाजारातून महिन्याचा आणायची आणि दुकानदाराशी हिंदीत, तेलुगूत आणि शेवटी चिडून मराठीत भांडायची.

हे मी आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पुण्यात वाढलेला माझ्या मावसबहिणीचा मुलगा तर म्हणाला, "मावशी, तुम्ही हिंदू ना, मग मुल्ला कशाला?" त्याला काय सांगू! आमच्या गावाकडे, निजामाच्या मुलखातल्या कुणब्यांत, बिस्मिल्ला झाल्याशिवाय कापलेलं म्हणजे मुर्दाड, मेलेल्या जनावरासारखं. ते खायचं नाही. कुणब्यानं शेत नांगरावं, बैल राखावा, पण खायच्या जीवाच्या मानेवर सुरी ठेवू नये. ते मुल्लाचं काम, आणि त्याचा वाटा त्याच्या घरी पोचलाच पाहिजे. आमचे आजोबा, म्हणजे अप्पांचे वडील, हैदराबादला आले तेव्हा गाव सुटलं, शेत सुटलं, मराठी वाचणंसुद्धा निम्मं सुटलं, पण हे सुटलं नाही. आई तर चूल पेटवण्याआधी परसाच्या दारातून विचारायची, "चाचा, नीट म्हटलं ना?" चाचा हसून म्हणायचा, "म्हटला मां, तुम्हारे नाम की भी एक म्हटला."

मग ते दिवस आले जेव्हा सगळंच बदलायला लागलं. नारायणगुड्यात काचेच्या दाराचं चिकन सेंटर निघालं, पिंजऱ्यात पांढऱ्याफटक कोंबड्या, एकीलाही धड उभं राहता येत नाही. गल्लीत केबलची वायर या गच्चीवरून त्या गच्चीवर गेली. अप्पांच्या सरकारी कारखान्यानं माणसं कमी करायला काढली आणि अप्पांच्या हातात घसघशीत चेक ठेवून त्यांना घरी पाठवलं. चेकचं काय झालं ते वेगळं, पण घरी बसलेल्या अप्पांचं काय झालं ते आम्ही रोज भोगलं. कारखान्यात त्यांच्या हाताखाली माणसं होती. आता हाताखाली आम्ही तिघी. चहा गार, भाजी खारट, पंखा उगाच चालू, दार उघडं, दार बंद. आईच्या हातातलं ताट त्यांनी फेकलं नाही असा आठवडा जायचा नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, अप्पांचा तर जळल्यावर पीळ अजून घट्ट झाला.

सगळ्यात जास्त सोसायची ताई, कारण ताईचं लग्न जमत नव्हतं. रंग सावळा, वय वाढलेलं, आणि वरून हैदराबादची मुलगी. मराठवाड्यातल्या पाहुण्यांना वाटायचं, ही धड मराठी नाही. एकदा परभणीकडची माणसं आली आणि त्यांनी तिच्या हातात मराठी पेपर दिला, वाच म्हणाले. ताई हिंदी माध्यमातली. अक्षरं तीच, पण लांबलचक मराठी शब्दांशी अडखळली, ओळ चुकली, आणि मुलाची बहीण पदराआड हसली. ती माणसं फाटकाबाहेर जाताच अप्पा म्हणाले, "कोंबड्यांत राहून कोंबडीच झाली ही. दाणे टाका, अंडी घ्या, दुसरा उपयोग नाही."  पण त्यानंतर बेगम बाजारातून मसाला ज्या मराठी कागदांत बांधून यायचा, ते कागद ताई सरळ करून उशीखाली ठेवायला लागली. दुपारी आई झोपली की खुराड्याशी बसून ती ते ओठ हलवत वाचायची. कुणाच्या तरी दहाव्याची जाहिरात, सोयाबीनचे भाव, काहीही. तिला लग्न हवं होतं. तिला या घरातून जायचं होतं, आणि तेवढा एकच दरवाजा तिला माहीत होता.

उदगीरचं स्थळ आलं ते असं असताना. मुलगा शाळेत शिकवायचा, आई-बाप नव्हते, काकांनी वाढवलेला. पहिल्या भेटीत कुणी पेपर दिला नाही. मुलानं ताईकडे नीट पाहिलं आणि चहाचा कप तिच्या हातून घेताना बशी दोन्ही हातांनी धरली. एवढंच. पण ताई त्यानंतर आठवडाभर मला तो बशी कशी धरत होता ते सांगत होती. उदगीरहून निरोप आला: मुलगी पसंत आहे, मोठे काका स्वतः दोन-चार माणसं घेऊन येतील, जेवतील. आमच्यात याचा अर्थ ठरलेला. मुलीच्या घरचं पाळलेलं कोंबडं पाहुण्यांनी खाल्लं की शब्द पक्का. खाल्लं नाही तर कितीही गोड बोलोत, काही खरं नाही. ताईनं त्यासाठी तिचा तांबडा कोंबडा राखून ठेवला होता, मोठा, मस्तवाल, गल्लीतल्या कुत्र्यांवर धावून जाणारा.

आता वकीलसाहेबांबद्दल सांगायला हवं. आमच्या शेजारचे. पिढ्यान् पिढ्या निजामाच्या कोर्टात नोकरी केलेलं घराणं, चातुर्मासात कांदाही शिवणार नाहीत. पण घरी बसलेल्या अप्पांना संध्याकाळी बोलायला तेच. त्या दिवसांत शहरात अधूनमधून कर्फ्यू लागायचा, माणसं एकमेकांकडे मान वाकडी करून बघायला लागली होती, आणि वकीलसाहेब दोन घरांमधल्या कठड्यावर हात ठेवून अप्पांना शिकवायचे. "तुम्ही मराठे, शिवरायांची माणसं, आणि तुमच्या घरात कोंबडी मारायला त्यांची परवानगी लागते? एका घावात तोडायची! झटका!" ज्यानं जन्मात अंडं फोडलं नाही तो माणूस आम्हाला कोंबडी कशी मारायची ते सांगत होता, आणि अप्पा मान डोलवत होते. कारखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना पुरुष म्हणत होतं. मला वकीलसाहेबांचा राग तेव्हाही आला होता आणि आजही येतो. लोकांच्या घरात काडी टाकून ते आपल्या घरी वरणभात जेवायला जायचे.

तर तो रविवार. पाहुणे दुपारी येणार. सकाळी चाचाची सायकल आली. नेहमीपेक्षा नवा कुर्ता, डोळ्यांत सुरमा. "सलाम अप्पा! बेटी का रिश्ता है बोलके वजू करके आया," तो म्हणाला. नमाजाआधी धुतात तसे हात-तोंड धुऊन आला होता. अप्पा फाटकाशी उभे होते, आणि त्यांनी फाटक उघडलं नाही.

"आजपासनं नक्को आना," अप्पा म्हणाले.

चाचाला वाटलं थट्टा आहे. "ऐसा कायकू बोलते?"

"हमारे घर का काम हम कर लेते. तुम्हारे बिस्मिल्ला बगैर हमारे घर में चूल्हा नै जलता क्या? कब तक तुम्हारे मेहेरबानी पे खाना?"

आई पदरानं हात पुसत धावत आली. "अहो, आज कामून? आज तरी नका. पाहुणे…"

"तू आत हो!" अप्पा असे ओरडले की पलीकडच्या कठड्यावरून वकीलसाहेब आत गेले. चाचानं सायकल वळवली. जाताना त्यानं ताईकडे पाहिलं, अप्पांकडे नाही. त्याची मान लाल झाली होती. वीस-एक वर्षं जो माणूस आमच्या घरच्या भाकरी घेऊन गेला त्याला फाटकातून हाकललं होतं, आणि सगळी गल्ली बघत होती.

अप्पांनी कोयता घेतला. नारळ सोलायचा. मी म्हटलं, धार नाही त्याला. मला एक सणसणीत शिवी बसली. ताई तांबड्याला काखेत घेऊन उभी होती. तिनं त्याला पेरूच्या बुंध्याशी धरावं आणि अप्पांनी घाव घालावा असं ठरलं.  पहिला घाव मानेवर पडला पण आत गेला नाही, कोंबडा असा किंचाळला की मी कान झाकले. दुसरा पंखावर. तिसऱ्यानं मान अर्धी तुटली आणि ताईच्या हातून तो सुटला. ते मला आजही दिसतं. मान एका बाजूला लोंबतेय, रक्ताची चिळकांडी पांढऱ्या भिंतीवर, आणि तो कोंबडा परसात गोल गोल धावतोय, खुराड्यावर आपटतोय, आतल्या कोंबड्या ओरडतायत. अप्पा कोयता घेऊन त्याच्यामागे. एक घाव हौदाच्या कठड्यावर बसला, सिमेंटचा टवका उडाला. नाचता येईना अंगण वाकडं! ते ताईवर ओरडले, "धर त्याला, रांडे! साधं धरता येत नाही!"

ताईनं धरलं. पण अप्पांकडे आणलं नाही. त्याला तसाच छातीशी घट्ट दाबून ती फाटकातून बाहेर पळाली, अनवाणी, साडीवर रक्त. मी तिच्यामागे. चाचाचं घर नाल्यापलीकडे, फार लांब नाही. चाचा उंबऱ्यावर बसला होता, सुरमा तसाच, सुरीची पिशवी मांडीवर.

"चाचा, जान है अभी," ताई म्हणाली. "जल्दी करो. तुमीच करो. मेरा घर बनता चाचा, हाथ जोडतूं." कोंबड्याचं डोकं तिच्या मनगटावरून लोंबत होतं, पण डोळ्याची पापणी उघडझाप करत होती. मी पाहिलं.

चाचानंही पाहिलं. त्यानं हात पुढे केला, कोंबड्याच्या छातीवर ठेवला, धडधड त्याला लागली असणार. मग त्यानं हात काढून घेतला आणि कुर्त्याला पुसला.

"नै बेटी. ये जानवर अब मेरे हाथ का नै रहा. आधा तेरे बाप का हो गया. जिसने शुरू किया, उसीच खतम करना."

"चाचा…"

"नक्को बोला ना!" तो उठून आत गेला आणि दार लावलं. त्याला करता आलं असतं. मला पुढे त्यांच्याच जातीतल्या एका जाणत्या माणसानं सांगितलं की जीव असेतो करता येतं. चाचालाही ठाऊक होतं. त्याला अप्पांना धडा शिकवायचा होता आणि हाताशी ताई होती. ज्याला त्याला धडा शिकवायला ताईच सापडायची.

घरी येईपर्यंत कोंबडा तिच्या हातांत मेला. अप्पांनी उरलेली मान एका घावात तोडली. ते आता जमलं. "झालं!" ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले. ताईनं पाणी तापवलं. आई चुलीशी बसून रडत होती आणि रडतच मसाला भाजत होती. "कुणी काही विचारणार नाही," ती ताईला पुन्हा पुन्हा म्हणायची. "अन् विचारलं तर चाचानं कापलं म्हणायचं. ऐकू लालीस ना सुमन? तुला माझ्या गळ्याची शपथ." ताईनं पिसं काढली. चिंध्या झालेली मान तिनं रश्श्यात टाकली नाही.

पाहुणे आले. मोठे काका उंच, धोतर-कोटातले, गुडघे धरत बसणारे. मुलगा त्यांच्या शेजारी, पायाच्या अंगठ्याकडे बघत. पुढच्या खोलीत पाटपाणी केलं, ताटं वाढली, ज्वारीच्या गरम भाकरी, लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग. मुलाच्या ताटात कलेजी आणि तंगडी. ताई नवी जरीकाठी साडी नेसून वाढत होती, आणि रस्सा वाढताना तिचा हात जराही हलला नाही. अप्पा हसत होते. पाहुण्यांसमोर ते फार छान हसायचे.

काकांनी भाकरी मोडली आणि ते गप्पांत रमले. त्यांच्या गावच्या मुल्लाची गोष्ट सांगायला लागले. तो मेला तेव्हा त्याच्या पोराला काकांनी स्वतः सुरी घेऊन दिली, म्हणाले. "तो पोरगा नव्हता आला तवर आमच्या घरात दोन म्हैने वशट नाही शिजलं बगा. मुर्दाड खाऊन का नरकात जायाचंय? तुमच्याकडं शहरात कसं करता? भेटतो का मुल्ला?"

क्षणभर मला वाटलं अप्पा आता वकीलसाहेबांची सगळी शिकवण ऐकवतील. छाती पुढे काढून झटका म्हणतील. पण अप्पा शहाणे होते, जिथे नमायचं तिथे लगेच नमायचे. "भेटतो की," ते म्हणाले. "घरचाच हाय. महबूब म्हणून. सकाळीच येऊन गेला."

"हौ का, बरं झालं," काका म्हणाले, पण भाकरीचा तुकडा त्यांनी रश्श्यात बुडवला नाही. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. उघड्या दारातून परसाची भिंत दिसत होती. आईनं पुसली होती, पण चुन्यावरचं रक्त पुसून कुठे जातं! भिंतीवर, हौदावर, खुराड्याच्या फळीवर. मुल्लाच्या सुरीचं रक्त एका जागी सांडतं. म्हातारा शेतकरी माणूस, त्याला आणखी काय सांगायला हवं होतं? तरी तो अप्पांना काही बोलला नाही. त्यानं मान वर करून ताईला विचारलं.

"पोरी, तू सांग. तू सांगशील तसं. बिस्मिल्ला झाली का नाही?"

ताईच्या हातात रश्श्याचं पातेलं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात, पदराचा बोळा तोंडात. अप्पा हसतच ताईकडे बघत होते, पण डोळे हसत नव्हते. मुलानं पहिल्यांदाच मान वर केली. मी मनात म्हणत होते, हौ म्हण, ताई, एकच शब्द, हौ म्हण आणि सूट इथून.

"नाही," ताई म्हणाली. "नाही झाली. चाचाला फाटकातून परत लावलं. अप्पांनी कोयत्यानं मारलं."

 काकांनी तांब्या घेतला आणि न जेवता ताटातच हात धुतला. रश्श्यावर पाणी पसरलं. आमच्यात याहून मोठा अपमान नाही. मग ते अप्पांना म्हणाले, अगदी शांतपणे, "खोटं तर बाजारात समदेच बोलतेत. पण तुम्ही खाऊ घालताना बोललाव." बाकीची माणसं उठली. मुलगा सगळ्यात शेवटी उठला, ताटाकडे बघत, कलेजी तशीच. तो एक शब्द जरी बोलला असता! पण तो बशी दोन्ही हातांनी धरणारा मुलगा होता, त्याला तेवढंच येत होतं.

उंबऱ्याशी काका थांबले. ताईकडे बघून म्हणाले, "अशी पोरगी घरात पाहिजे. खरं बोलणारी." हे म्हणाले, आणि त्यांनी चपला घातल्या आणि गेले. मी आयुष्यात बरीच भली माणसं पाहिली, त्यातली बरीचशी या काकांसारखी. स्तुती करतात आणि चपला घालतात. दोन-तीन आठवड्यांनी मध्यस्थ सांगत आला की मुलीत खोट नाही, पण घर तसं नाही.

फाटक लागलं आणि अप्पांनी ताईला मारलं ते सगळ्या नल्लकुंट्यानं ऐकलं. आई मध्ये पडली नाही. आई उलट बाहेरून म्हणत होती, "एक शब्द! मेले, एक शब्द खोटा बोलली असतीस तर जीभ झडली असती का?" कढत पाणी सोसायची तसा ताईनं मार सोसला. वकीलसाहेबांच्या खिडक्या बंद होत्या.

ताईचं लग्न पुढे झालं, तीन मुलांच्या बापाशी, आणि ते कसं झालं ते लिहायला माझा हात उचलत नाही. एवढंच लिहिते की तिथेही ती कोंबड्याच पाळते.

पण मला दुसऱ्या दिवसाची सकाळ लिहायची आहे. उठले तेव्हा परसातून आवाज येत होता. अप्पा रात्री कोयत्याला धार लावून आले होते कुठूनतरी. खुराड्याचं दार उघडं टाकून ते ताईच्या कोंबड्या एकेक बाहेर ओढत होते आणि पेरूच्या बुंध्यावर मान ठेवून तोडत होते. अंड्यावरची काळी कोंबडी, नुकती तलंग झालेली, अजून अंडं न घातलेली कबरी, सगळ्या. खाणार कोण, विकणार कुठे, काही विचार नाही. मुर्दाड तर मुर्दाड, खा आता जन्मभर, असं काहीतरी ते बडबडत होते. आणि त्यांचा हात बसत चालला होता. पहिल्या दोन-तीन तडफडल्या असतील, पुढच्या एका घावात जात होत्या. मान बुंध्यावर राहायची, धड उड्या मारत जायचं. डालगं घालायचंही त्यांनी सोडून दिलं होतं.

ताई हौदाशी पाटावर बसली होती. समोर कढत पाण्याची बादली. एक डोळा सुजून बंद, ओठ फाटलेला. अप्पा फेकत होते ती कोंबडी उचलायची, बुडवायची, पिसं ओरबाडायची. मांस टाकून द्यायचं नसतं, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. तिच्या भोवती पिसांचा ढीग झाला होता, काळी, कबरी, तांबूस. मी तिच्याजवळ बसले. मीही पिसं काढायला लागले.  मी हळूच विचारलं, "ताई, कामून सांगितलंस? तुला जायचं होतं ना? हौ म्हणायला काय झालं होतं?"

ताईनं हातातल्या कोंबडीचं पंखाखालचं पीस काढलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांनी मला विचारलं, शालू. मी सांगेन ते खरं मानून ते जेवणार होते. या घरात माझ्या शब्दावर आजवर कुणी पाणी तरी प्यालंय का?"

 अप्पांना ते ऐकू गेलं असावं, कारण कोयता वर उचललेला राहिला, हातात कोंबडी पंख फडफडवत होती, आणि ते ताईकडे बघत उभे राहिले. ताईनं सोललेली कोंबडी ताटात ठेवली, हातावरची ओली पिसं बादलीत झटकली आणि रिकामा हात त्यांच्या हातातल्या कोंबडीसाठी पुढे केला.

"थांबला कामून अप्पा?" ती म्हणाली. "पाणी गार होतंय. कापा."